बुधवारचं कॉलेज

नावन, काउंटी मीथ
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

ताई, नमस्कार.

फोन करायचा सोडून एवढं लांबलचक मेल कशाला, असं म्हणाल. कारण सोपं आहे. फोनवर बोललं की पलीकडच्या खोलीत ईशाचे कान टवकारलेले असतात, आणि फॅमिली ग्रुपवर लिहिलं की पाच मिनिटांत आईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. देवनागरी मात्र आमच्या कन्येला झेपत नाही. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमधून येतं आणि वाचनाच्या नावाने आनंद आहे. तेव्हा नणंद-भावजयींनी निवांत बोलायला एवढीच जागा उरली.

तर विषय असा. या वर्षी ईशाचं ट्रान्झिशन इयर आहे. आपल्या दहावीसारखी ज्युनिअर सर्टची परीक्षा झाली की इथे मुलांना एक वर्ष मोकळं सोडतात. नाटक करा, दुकानात काम करून बघा, डोंगर चढा. मार्क नाहीत! शाळेतल्या पालकसभेत मी हात वर करून विचारलं, की मार्क नाहीत ते कळलं, पण नेमके कधी देणार? सगळी खोली हसली. त्यांना वाटलं मी विनोद केला. मी पण हसले, काय करणार.

मग मिस ब्रेडींनी, म्हणजे या वर्षाचं सगळं बघणाऱ्या बाईंनी, ईशाला डब्लिनच्या एका कॉलेजसाठी निवडलं. दर बुधवारी शाळेत न जाता बसने कॉलेजात. नाताळपर्यंत. विषय, मानवी शरीराची ओळख. खरे प्राध्यापक, खरी लॅब, खऱ्या टेस्ट. आणि ही बया अजून सोळाची सुद्धा नाही! आईंना सांगितलं तेव्हापासून त्या कोथरूडच्या सोसायटीत ‘आमची नात मेडिकलला लागली’ म्हणून सांगत सुटल्या आहेत. मी खुलासा करायला गेले, तर म्हणाल्या, ‘अगं, आज ना उद्या लागणारच आहे.’

आता तुम्हाला विचारते, कारण चैतन्य तिकडे शाळेत असूनच कॉलेजचे विषय करतो ना? हे चालतं कसं? तिथले मार्क पुढे धरतात का? तिला डॉक्टर व्हायचं आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. इथे मेडिकलला जागा मिळणं म्हणजे काय दिव्य असतं ते मी रोज ऐकते. माझे डबे घेणाऱ्या हॉस्पिटलातल्या नर्सताईंच्या घरोघरी तोच विषय आहे. शाळेत पुन्हा विचारायची मला लाज वाटते. एकदा हसून झालंय. आणि तुमच्या भावाला विचारलं तर तो म्हणतो, ‘इट्स ग्रँड.’ म्हणजे इथल्या भाषेत, सगळं ठीक आहे. हॉस्पिटलसाठी नळ्या बनवणाऱ्या त्याच्या प्लांटमध्ये एक कॅथेटर वाकडा निघाला तर हा माणूस रात्री जेवत नाही, पण मुलीच्या बाबतीत सगळं ग्रँड.

इंद्रनीलना नमस्कार सांगा. चैतन्यला म्हणावं, मामी आठवण काढते.

तुमची
अनुया

---

ह्यूस्टनजवळून
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय अनुया,

तुझं मेल वाचून आधी हसले आणि मग लक्षात आलं की हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही. तू मला विचारलंस ते बरं केलंस. प्रसन्नला विचारून काय उपयोग, त्याची स्वतःची ॲडमिशनसुद्धा बाबांनी आणि मी धावपळ करून घेतली होती.

आमच्याकडे याला ड्युअल क्रेडिट म्हणतात. एकच विषय, पण दोन ठिकाणी धरला जातो. चैतन्य अकरावीत आहे. शाळेत अमेरिकेचा इतिहास घ्यावाच लागतो, तर तो शाळेचा न घेता त्याने इथल्या कम्युनिटी कॉलेजचा घेतलाय. तो पास झाला की शाळेतला इतिहास संपला आणि कॉलेजचा एक विषयही खिशात पडला. आधी एक प्रवेश परीक्षा देऊन तुम्ही कॉलेजचं शिकायला तयार आहात हे दाखवावं लागतं. काही वर्ग शाळेतच होतात, काही कॉलेजात, काही ऑनलाइन. आमच्या राज्यातली सरकारी विद्यापीठं हे विषय सहसा मान्य करतात, खासगीवाल्यांना मात्र आधी विचारून घ्यावं लागतं. असं करत करत बारावी होईपर्यंत चैतन्यचं कॉलेजचं जवळजवळ पहिलं वर्ष उरकलेलं असेल. त्याच्या वर्गात एवढे विषय घेणारी मुलं थोडीच आहेत, पण ते असो.

आता नीट ऐक. शाळेचे मार्क शाळेबरोबर संपतात, कॉलेजचे संपत नाहीत. सोळाव्या वर्षी मिळालेली ग्रेड कॉलेजच्या रेकॉर्डवर कायमची बसते, आणि पुढे मेडिकलला अर्ज करताना ती दाखवावीच लागते. म्हणून प्रत्येक कोर्सला एक शेवटची तारीख असते. जमत नसेल तर त्या तारखेच्या आत बाहेर पडायचं. मग नुसती ‘विषय सोडला’ अशी नोंद होते, नापास नाही. ईशाच्या कॉलेजची ती तारीख आजच काढून ठेव.

आणखी एक वैताग सांगते. शाळेच्या साइटवर मला चैतन्यचा गृहपाठ न् गृहपाठ दिसतो. कॉलेज मला काही म्हणजे काहीच दाखवत नाही. मुलगा सज्ञान नसला तरी कॉलेजच्या लेखी तो विद्यार्थी, आणि मी कोणीच नाही! मला रोज बघायची सवय, त्यामुळे हात शिवशिवतात. पण चैतन्यचं मला काही बघावं लागत नाही, तो भाग वेगळा.

ईशाला खूप कौतुक. अभ्यासाकडे लक्ष ठेव.

क्षितिजा

---

नावन
१२ ऑक्टोबर २०२५

ताई,

पाचावर धारण बसली आहे. ईशाला पहिल्या टेस्टमध्ये शंभरात अडतीस मिळाले.

ताई, अडतीस! आपल्या दोन्ही घरांत हा आकडा वजन सोडून कशाला ऐकलाय का कधी? आणि कार्टीला त्याचं काही वाटत नाही. बुधवारी बसमधून उतरली तीच हसत. म्हणाली, ‘इट वॉज रिअली हार्ड, आई, बट इट वॉज ग्रेट क्रॅक.’ क्रॅक म्हणजे इथे मजा. अडतीस मिळण्यात कसली आलीय मजा? तिचं म्हणणं, प्राध्यापकांनी मुद्दाम पहिल्या वर्षाच्या मुलांचीच टेस्ट यांना दिली, पास व्हायला पन्नास लागतात, अर्ध्याहून जास्त वर्ग नापास आहे. म्हणजे काय, सगळे बुडाले म्हणून आपणही बुडायचं?

पण खरं सांगू? हिला एवढी खूश मी पाहिलेली नाही. जेवताना माझा हात ओढून घेते आणि मनगटातल्या हाडांची नावं एकामागून एक म्हणून दाखवते. कोंबडीचा रस्सा केला तर ताटात हाडं जुळवत बसते. प्रसन्नला किळस येते, मला कौतुक वाटतं. तिला त्या बुधवारची ओढ लागली आहे. शाळेत कधी कोणाशी फारशी न बोलणारी पोर, तिकडे तिच्या तीन मैत्रिणी झाल्यात.

आणि हे अडतीस आता तिच्या मागे कायमचे लागणार. तुमचं मेल मी पुन्हा वाचलं. ‘शेवटची तारीख’ मी कुठेच काढलेली नाही. शाळेच्या कागदांत तसलं काही सापडत नाही, म्हणजे मीच कुठेतरी हरवला असणार तो कागद. मी काय करू? आईंनी काल विचारलं, ‘आमच्या डॉक्टरीणबाई काय म्हणतात?’ मी म्हटलं, मजेत आहेत. तेवढंच खरं होतं.

लगेच लिहा.

अनुया

---

१४ ऑक्टोबर

अनुया,

तिला बाहेर काढ. पुढच्या टेस्टची वाट बघू नकोस, तारीख शोधत बसू नकोस, तिला विचारत बसू नकोस. मुलांना या वयात काही कळत नाही, ‘होईल गं आई’ म्हणत राहतात आणि आपण विश्वास ठेवतो. आजच शाळेला लिही, की ईशा हा कोर्स सोडते आहे. ती रडेल. रडू दे. आज रडली तर दोन दिवसांत विसरेल. तारीख उलटल्यावर कोणीही काहीही करू शकत नाही.

घाईत आहे.

क्षितिजा

---

नावन
२५ ऑक्टोबर २०२५

ताई,

लिहिलं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मिस ब्रेडींना मेल केलं, की मार्क कायमचे व्हायच्या आत माझ्या मुलीला कॉलेजच्या कोर्समधून काढा. प्रसन्नला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो ग्रँड म्हणाला असता आणि माझा धीर सुटला असता.

ईशाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तो बुधवार होता. डबा भरून, बॅग पाठीला लावून ती दारात उभी होती. मी म्हटलं, आजपासून कॉलेज नाही, शाळेत जायचं. तिला वाटलं बस चुकली की काय. मग मी सगळं समजावलं, रेकॉर्ड, मेडिकल, तुमचं टेक्ससचं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, ‘यू डिडन्ट इव्हन आस्क मी.’ रडली नाही, ताई. रडली असती तर जवळ घेता आलं असतं.

त्यानंतर ती मला उत्तरापुरतं उत्तर देते. हो, नाही, नको. दिवाळीला चकल्या केल्या, नेहमी गरम गरम पळवते, या वेळी डबा प्रेसमध्ये तसाच पडून आहे. पाहा, मीही कपाटाला प्रेस म्हणायला लागले. प्रसन्नने विचारलं, मुलीचं काय बिनसलंय? मी म्हटलं, वयच तसं आहे. तुम्हाला म्हणून सांगते, घरात फराळ मांडला होता आणि मी लाडवाला हात लावला नाही.

मी बरोबरच केलं ना? तुम्ही एकदा लिहा, की बरोबर केलं. मिस ब्रेडींचं अजून उत्तर नाही. परवापासून मिड-टर्मची सुट्टी आहे.

अनुया

---

नावन
९ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुमचं पत्र नाही, फोन उचलत नाही, ग्रुपवर नुसता हात जोडलेला बाहुला. पण मला आता दम निघत नाही, म्हणून मीच लिहिते. जीव भांड्यात पडलाय. असा पडलाय की त्याचा आवाज तुमच्या टेक्ससपर्यंत यायला हवा होता.

सुट्टी संपल्यावर मिस ब्रेडींनी मला शाळेत बोलावलं. मी मनाची तयारी करून गेले, की आता कोर्स सोडल्याच्या कागदावर सही करायची. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाई आहेत, शेजारच्या कॅव्हन काउंटीतल्या, आधी चहा आणि मग बोलणं. माझं मेल त्यांच्या समोर स्क्रीनवर उघडं होतं. म्हणाल्या, ‘अनुया, हे मार्क नेमके कुठे कायमचे होणार आहेत, अशी तुम्हाला भीती वाटतेय?’

मी म्हटलं, कॉलेजच्या रेकॉर्डवर.

‘कुठल्या रेकॉर्डवर?’

मग मी तुमचं सगळं सांगितलं. ड्युअल क्रेडिट, दोन ठिकाणी धरतात, शेवटची तारीख. त्यांनी शांतपणे ऐकलं. हसल्या नाहीत, हे मी त्यांचं कधी विसरणार नाही. म्हणाल्या, ‘अमेरिकेत तसं असेल. इथे तसं नाही. इथे कॉलेजला जाता येतं ते लीव्हिंग सर्टच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या पॉइंटांवर, आणि ती या वर्षानंतर आणखी दोन वर्षांनी आहे. मेडिकलला त्याशिवाय आणखी एक वेगळी परीक्षा. बुधवारचा हा कोर्स त्यात कुठेच धरत नाहीत. शेवटी एक सर्टिफिकेट मिळतं, भिंतीवर लावा. विषय आपल्याला आवडतो का, झेपतो का, हे मुलांना दोन वर्षं आधी कळावं, एवढ्यासाठी तो असतो. ते अडतीस कॉलेजने कोणालाही कळवलेले नाहीत. मलासुद्धा नाही. त्यांनी ते ईशाला सांगितले आणि ईशाने तुम्हाला सांगितले.’

ताई, तिने मला आपण होऊन सांगितलं होतं. लपवलं असतं तर मला कधी कळलंही नसतं.

मग भीत भीत विचारलं, तिची जागा गेली का? तर म्हणाल्या, ‘छे! तुमचं मेल मी पुढे पाठवलंच नाही. ऑक्टोबरात अशी पाच-सहा तरी येतात. मी ती जरा तशीच पडू देते. बहुतेक पालक मिड-टर्मनंतर निवळतात.’ म्हणजे आपण इकडे दोन खंडांत मिळून केवढं युद्ध केलं, आणि बाईंनी ते भिजत घालून ठेवलं होतं! दोन बुधवार तेवढे बुडाले. उठताना मी म्हटलं, त्या सभेतच मी नीट विचारायला हवं होतं. तर म्हणाल्या, ‘तुम्ही विचारलं होतंत. आम्ही हसायला नको होतं.’ मला तिथेच रडू आलं. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि आणखी एक चहा ओतला.

शाळा सुटल्यावर ईशा गाडीत बसली. मी म्हटलं, माझं चुकलं. तुला विचारायला हवं होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. घराच्या वळणापाशी आल्यावर म्हणाली, ‘सो, कॅन आय गो?’ मी म्हटलं, हो. आणि गाडी थांबवल्यावर एकदम मराठीत, तिच्या त्या तिरक्या मराठीत, म्हणाली, ‘या बुधवारी गुडघा आहे.’

रात्री प्रसन्नला सगळं सांगून टाकलं. म्हणाला, ‘अगं, मला का नाही विचारलंस?’ मी म्हटलं, विचारलं होतं, तू ग्रँड म्हणालास. तर म्हणाला, ‘मग बरोबरच होतं ना!’ यापुढे हे मला जन्मभर ऐकावं लागणार.

आता ताई, एक विचारते, रागवू नका. तुमच्या चौदा तारखेच्या पत्रात चैतन्यचं नाव नव्हतं. तुमच्या पत्रात चैतन्य नाही, असं तो जन्मल्यापासून मी पाहिलेलं नाही. तो बरा आहे ना?

अनुया

---

१६ नोव्हेंबर २०२५

अनुया,

तुझं पत्र आठवडाभर उघडून बसले आहे. ईशाचं वाचून फार बरं वाटलं. आणि मग माझीच मला लाज वाटली.

चैतन्य इतिहासात नापास झाला आहे.

तो कोर्स आठच आठवड्यांचा होता. तीन निबंध लिहायचे होते, त्यातले दोन त्याने उशिरा दिले. शाळेत चालतं ते. शाळेत उशिरा दिलं तरी घेतात, चार मार्क कापतात, पुन्हा लिहायला देतात. याला वाटलं इथेही तसंच. कॉलेजच्या प्राध्यापकांनी दोन्हींना शून्य दिलं, पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं म्हणे. आणि मला काही दिसत नव्हतं. मी रोज शाळेची साइट उघडून बघत होते, तिथे बाकी सगळे विषय छान हिरवे. कॉलेजची मेल त्याच्या वेगळ्या खात्यावर येत होती. तुझं अडतीसवालं पत्र आलं, त्याच्या दोनच दिवस आधी त्याने मला सांगितलं. तोवर सोडायची तारीख जाऊन आठवडा झाला होता.

म्हणजे बघ, मी तुला जे लिहिलं ते तुझ्या मुलीसाठी लिहिलंच नव्हतं. मी माझ्या मुलाला बाहेर काढायला बघत होते, आणि त्याच्याऐवजी ईशाला ओढलं. तुमचे नियम काय आहेत ते मला ठाऊक नव्हतं. इथे बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. तुझी दिवाळी मी खराब केली.

इकडचं तर काय सांगू. तुझ्या मिस ब्रेडी म्हणाल्या तसं इथे नाही, इथे ते खरंच लागतं. चैतन्य जेवायला खाली येतो, ताट घेऊन वर जातो. परवा म्हणाला, ‘आय रुइन्ड इट, आई.’ सोळा वर्षांच्या मुलाने असं बोलावं? आणि मी त्याला ‘नाही रे’ म्हणू शकले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. इंद्रनीलना माहीत आहे. बाकी कोणाला नाही. प्रसन्नला आणि आईला सांगू नकोस. मी आईला काय तोंड दाखवू? दर रविवारी त्याच्या विषयांची यादी मीच वाचून दाखवायचे.

क्षितिजा

---

नावन
१८ नोव्हेंबर २०२५

ताई,

खोटं कशाला बोलू, राग आला. अर्धा दिवस पुरला. डबे पोहोचवून आले, चहा केला, आणि मग तुमच्या त्या शाळेच्या साइटसमोर बसलेल्या तुम्ही डोळ्यांपुढे आलात आणि राग गेला. तुमच्या जागी मी असते तर आख्ख्या आयर्लंडातल्या मुलांना कॉलेजातून काढलं असतं.

मी कोणाला सांगणार नाही. पण एक सांगा, तुम्ही तिथल्या शाळेत जाऊन कोणाला विचारलंत का, की आता पुढे काय? ‘कायमचं’ हा शब्द त्यांनी म्हटलाय की आपणच म्हणतोय? मी लाजून विचारलं नाही म्हणून महिनाभर पोरीला छळलं. तुम्ही ती चूक करू नका. तुमच्याकडेही कोणी मिस ब्रेडी असतीलच. चहा देवोत न देवोत.

आणि चैतन्यला जेवायला खाली बसवा. रागावून नाही, नुसतं शेजारी बसा.

अनुया

---

७ डिसेंबर २०२५

प्रिय अनुया,

विचारलं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी शाळेच्या कौन्सिलरबाईंची वेळ घेतली. सगळे कागद फायलीत लावून, साडी नेसायची तेवढी बाकी ठेवून गेले. मी बोलायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, ‘तुम्ही चैतन्यच्या आई! चैतन्य दोनदा येऊन गेला की.’

अनुया, तो स्वतः गेला होता. ऑक्टोबरातच. कॉलेजने मला काही कळवलं नाही, सगळं त्यालाच कळवलं, म्हणून निस्तरायलाही त्यालाच जावं लागलं. मला न सांगता त्याने सगळं विचारून, ठरवून ठेवलं होतं. शाळेपुरता तो आता शाळेच्या साध्या इतिहासाच्या वर्गात बसतोय, म्हणजे बारावी अडत नाही. कॉलेजचा तोच कोर्स उन्हाळ्यात पुन्हा करता येतो. जुनी ग्रेड कागदावर दिसत राहते, पण इथलं कॉलेज सरासरीत नवीच धरतं. म्हणजे राहणार आहेच, पण मी समजत होते तशी दारात आडवी पडून राहणार नाही. बाई म्हणाल्या, दर वर्षी काही मुलांचं असं होतं, शाळेची सवय घेऊन ती कॉलेजात जातात. त्यातली बरीचशी पुढे छान शिकतात. मला म्हणाल्या, ‘तो निबंध वेळेवर देईल आता. तुम्ही जरा झोपा.’

घरी येऊन त्याला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाला, तू इतकी घाबरली होतीस, की आणखी काही सांगायला नको वाटलं. मी म्हटलं, मी घाबरले होते खरी, पण तू काही बिघडवलेलं नाहीस. एवढं एक वाक्य म्हणायला मला दीड महिना लागला. तो जिन्यात बसला होता, मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले. मग दोघांनी मिळून भात-पिठलं खाल्लं, तिथेच, ताटं मांडीवर घेऊन. इंद्रनील येऊन बघून गेले आणि चटणी आणून दिली.

काल रात्री मी सलग झोपले. उठल्यावर साइट उघडायची आठवण झाली ती दुपारी.

तू राग धरला नाहीस, त्याबद्दल काय लिहू. पुढच्या वेळी माझा सल्ला आला की तुझ्या त्या बाईंसारखी तूही तो तसाच पडू देत जा.

तुझी
क्षितिजाताई

---

नावन
रविवार, २१ डिसेंबर २०२५

ताई,

आजच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही होतातच, तेव्हा तिथलं सगळं तुम्हाला माहीत आहे. पण कॉल बंद झाल्यावर इकडे काय झालं ते तुम्हाला कसं कळणार, म्हणून लिहायला बसले.

आईंनी ‘डॉक्टरीणबाईंना शेवटी किती पडले?’ असं विचारलं, तो प्रश्न मी तीन दिवस टाळत होते. गुरुवारी कॉलेजात समारंभ झाला, सर्टिफिकेट मिळालं, तो फोटो मी ग्रुपवर टाकला होता, मार्क शिताफीने वगळून. ईशा माझ्या शेजारी बसलेली. मी तिच्याकडे पाहिलं, तिने खांदे उडवले, आणि मी म्हणून टाकलं, ‘चव्वेचाळीस.’ आणि आई काही बोलायच्या आत तुम्ही टेक्ससहून म्हणालात, ‘आई, चैतन्य इतिहासात नापास झालाय.’ ताई, तुम्ही ते माझ्यासाठी म्हणालात, हे मला कळलं बरं का. आणि आई काय म्हणणार म्हणून मी डोळे मिटून घेतले होते, तर त्या म्हणतात, ‘पुन्हा बसणार आहे ना? मग झालं. आणि तू गं क्षितिजा, किती वाळलीस!’ एवढंच? एवढ्यासाठी आपण दोघींनी आख्खी थंडी जिवाला घोर लावून घेतला?

प्रसन्न नंतर मला म्हणाला, ताईला किती त्रास झाला असेल, मला कोणी सांगितलंच नाही. आणि उठून त्याने भांडी घासली, न सांगता. तुमचा भाऊ वाईट नाही.

पण खरी गंमत ईशाची. ती इतका वेळ तोंड उघडं टाकून बसली होती. ‘चैतन्य फेल्ड? अवर चैतन्य?’ लहानपणापासून हिला चैतन्यच्या यशाच्या गोष्टी सांगून सांगून मी जेवायला घातलंय. ती उठली, खोलीत गेली, दार लावलं, आणि आपण होऊन त्याला फोन केला. आजवर वाढदिवसालासुद्धा मला तिच्या हातात फोन कोंबावा लागायचा. आधी दबक्या आवाजात काहीतरी चाललं होतं. मग हसणं ऐकू यायला लागलं. चांगलं तासभर. मी इस्त्री करत होते, तीही धड झाली नाही.

शेवटी बाहेर आली ती डोळे पुसत, हसून हसून आलेलं पाणी. म्हणाली, ‘आई, चैतन्य म्हणतो, ही वर्क्ड सो हार्ड अँड गॉट अ रिअल एफ, आणि माझं चव्वेचाळीस तर कुठे मोजतच नाहीत. तो म्हणतो, मी नापास पण नीट होऊ शकत नाही.’

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

‘आय टोल्ड हिम, उन्हाळ्यात तुझे निबंध मला पाठव. मी तारीख बघेन, तू लिही.’ आणि मग प्रेसमधून बिस्किटांचा डबा काढून पुन्हा खोलीत गेली, कारण त्याने फोन ठेवलेलाच नव्हता.

अजून बोलतायत, ताई. तुमच्याकडेही जिन्यातून आवाज येत असेल. दोघांनाही जेवायला हाक मारायची वेळ होऊन गेली आहे. मी मारलेली नाही. तुम्हीही मारू नका.

अनुया